पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

जुना कॉम्प्युटर बंद पडला की माणूस चिडतो. नवा कोरा कॉम्प्युटर सुरूच झाला नाही तर तो घाबरतो. हा फरक मला फोनवरच्या पहिल्याच वाक्यात कळतो. सुटे भाग मागवून, साठ-सत्तर हजार रुपये घालून उभं केलेलं मशीन असतं. बटण दाबलं जातं, पंखे गरगरतात, रंगीत दिवे लागतात, घरातली सगळी माणसं पुढे सरकतात आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढी अक्षरं येऊन तीही विझतात. “दादा, सगळं चालू आहे हो, डिस्प्लेच येत नाही.” आवाजात पैसे बुडाल्याची धास्ती असते. बहुतेक वेळा ते बुडालेले नसतात, म्हणून मी फोनवरच सांगतो, “काही काढू नका, काही बदलू नका, कुणाला ‘बोर्ड गेला’ म्हणू देऊ नका. मी येतो.”

माझं दुकान शिरूरला, आणि कामं शिरूरइतकीच दौंडलाही असतात. दोन्ही तालुक्यांची गावं, पण गिऱ्हाईक निराळं. शिरूरला घोडनदीकाठचा जुना बाजार आहे आणि नगर रस्त्यावर रांजणगावची एमआयडीसी आहे. त्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायला दणकट मशीन लागतं. लग्नाचे व्हिडिओ करणारे स्टुडिओवाले आहेत, फ्लेक्सवाले आहेत. दौंडला रेल्वेची माणसं, राज्य राखीव पोलीस दलाच्या गटांतली बदलीवर आलेली कुटुंबं, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत जाणारी मंडळी. तिथली मुलं भाग ऑनलाइन मागवतात आणि व्हिडिओ बघून स्वतः जोडतात. मला ते आवडतं. आपल्या हातानं मशीन जोडणारं पोर पुढे त्या मशीनला घाबरत नाही.

या दोन्ही गावांत एक अडचण मात्र सारखीच. इथे सुटा भाग हाताशी नसतो. पुण्यातला दुकानदार शंका आली की शेजारच्या कपाटातून दुसरा बोर्ड काढतो, दुसरा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, लावतो आणि पाच मिनिटांत निकाल देतो. माझ्याकडे तसं कपाट नाही. दौंडला जाताना न्हावरे, इनामगाव, काष्टी असा रस्ता, हंगामात पुढे उसाच्या ट्रॉल्या, आणि पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढंच सामान. त्यामुळे भाग बदलून बघण्याऐवजी विचार करून शोधायची सवय लागली. याच रस्त्यावरच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन करून तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. ते काम जसं वरचा थर नोंदवल्याशिवाय खालच्या थराला हात न लावता चालतं, तसंच हेही चालवावं लागतं.

बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत आत बरंच घडतं आणि ते ठरलेल्या क्रमानं घडतं. आधी एसएमपीएस आपले व्होल्टेज स्थिर झाल्याची खूण बोर्डाला देतो. मग प्रोसेसर जागा होतो आणि बोर्डावरच्या एका चिपमधला बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम, वाचू लागतो. बायोस रॅम शोधतो, तिच्याशी वेग जुळवतो. मग ग्राफिक्सचा नंबर. मॉनिटरला पहिला सिग्नल मिळतो तो या सगळ्यानंतर. म्हणजे डिस्प्ले येत नाही ही तक्रार दिसते पडद्यावर, पण चूक त्याच्या आधीच्या कुठल्याही पायरीवर असू शकते. पंखे फिरतात यावरून बारा व्होल्ट आले एवढंच कळतं. कित्येक बोर्डांवर प्रोसेसर मुळीच बसवला नसला तरी पंखे फिरतात.

अडलं कुठे हे मशीन स्वतः सांगतं. आयबीएमने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला तेव्हापासून ही सोय आहे. सुरू होताना तो स्वतःची तपासणी करायचा आणि सगळं ठीक असेल तर एक छोटा बीप द्यायचा. पुढे बीपची भाषाच झाली. अनेक बोर्डांवर एक लांब आणि त्यामागे दोन-तीन आखूड बीप आले की ग्राफिक्सकडे बघायचं. आता कॅबिनेटबरोबर बीप वाजवणारा छोटा स्पीकर येईनासा झालाय, म्हणून नवी मशीनं मुकी वाटतात. माझ्या पिशवीत वायरचा एक स्पीकर कायम असतो. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण तिनं मला फार वेळा वाचवलं आहे. बऱ्याच नव्या बोर्डांवर स्पीकरऐवजी कडेला चार बारीक दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे. ज्या पायरीवर मशीन अडलं तिथला दिवा लागून राहतो. अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही दिसत नाहीत, आणि रंगीत पंख्यांच्या झगमगाटात तर कुणाचं लक्षच जात नाही. मी गेल्या गेल्या खोलीतला लाइट बंद करतो आणि आधी तो दिवा शोधतो.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण सगळ्यात साधं असतं. दौंडच्या एका फ्लेक्सवाल्यानं मोठ्या हौसेनं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. मॉनिटर तपासला होता, केबल दोनदा बदलली होती, आणि दोन्ही वेळा ती केबल मागच्या बाजूला वरच्या, म्हणजे बोर्डावरच्याच एचडीएमआय पोर्टमध्ये घातली होती. त्याचा प्रोसेसर इंटेलचा, नावामागे एफ. २०१९ पासून इंटेल असे प्रोसेसर विकतं आणि त्यांच्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. मग बोर्डावरचा पोर्ट नुसता भोकापुरता. केबल खालच्या आडव्या पोर्टमध्ये, कार्डावर लावली आणि चित्र आलं. तो माणूस ओशाळला. “भाऊ, एवढ्यासाठी तुम्हाला शिरूरहून यायला लागलं.” मी त्याला म्हणालो ते मनापासून म्हणालो, की यात तुमचं काही चुकलेलं नाही. बोर्ड बनवणारा पोर्ट देतो, कारण त्याच बोर्डावर उद्या ग्राफिक्सवाला प्रोसेसरही बसतो. त्यात नव्या कार्डाच्या पोर्टवर रबरी टोप्या असतात आणि बोर्डाचा पोर्ट उघडा असतो. केबल घेऊन वाकलेला माणूस उघड्या पोर्टातच ती घालणार. एएमडीच्या जुन्या सॉकेटवर नावामागे जी असेल तरच आत ग्राफिक्स असायचं. २०२२ नंतरच्या बहुतेक रायझनमध्ये थोडंफार असतंच. हे खोक्यावर ठळक छापायला हवं, असं माझं मत आहे.

दुसरं नेहमीचं कारण प्रोसेसरच्या वीजजोडणीचं. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात आठ पिनांचा वेगळा सॉकेट असतो. कॅबिनेटमध्ये बोर्ड आधी बसवला की तो कोपरा पंख्याआड जातो, हात पोचत नाही आणि जोडणी राहून जाते. मोठा चोवीस पिनांचा जोड लागलेला असतो, त्यामुळे पंखे फिरतात आणि सगळं ठीक वाटतं. रॅमचंही तसंच. चारपैकी कुठल्या दोन खाचांत घालायची हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. आणि ती नुसती टेकवून चालत नाही, कडी वाजेपर्यंत दाबावी लागते. नव्या बोर्डावर एवढा जोर लावायला माणसाचा हात धजत नाही, हे मी समजू शकतो.

दौंडच्या एका पोलीस कुटुंबातलं काम मला विसरता येत नाही. मुलगा बारावीनंतर इंजिनिअरिंगला लागलेला. त्यानं सुट्टीत शिकवण्या घेऊन काही पैसे जमवले, उरलेले वडिलांनी घातले. प्रोसेसर, बोर्ड, डीडीआर५ रॅम, सगळं नव्या पिढीचं, स्वतः वाचून निवडलेलं. जोडणी मी पाहिली, एकही वायर वाकडी नव्हती. पण डिस्प्ले नाही. वडील ड्यूटीवरून आलेले, युनिफॉर्मही उतरवला नव्हता. ते म्हणाले, “गावातला एकजण म्हणतो, ऑनलाइनचा माल असाच असतो. खरं आहे का? पोराला मी आधीच म्हणालो होतो.” मुलगा खाली बघत उभा होता. आई दारात. त्या घरात त्या वेळी मशीनपेक्षा मुलाची बाजू पणाला लागली होती, आणि ते मला दिसत होतं.

मी म्हणालो, “काका, आधी चालू तर करू द्या.” बटण दाबलं. डीरॅमचा दिवा लागून राहिला. अर्ध्या मिनिटानं वडिलांचा हात आपोआप बटणाकडे गेला. “हे बघा, असंच होतं, मग आम्ही बंद करतो.”

उत्तर त्यातच होतं. मुलाच्या बोर्डावरच्या, २०२२ साली आलेल्या सॉकेटवर आणि डीडीआर५ रॅमवर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळणी करत बसतो. रॅमचा वेग इतका वाढलाय की प्रत्येक तारेवरचा सिग्नल नेमका कधी वाचायचा हे मोजून ठरवावं लागतं, आणि ते त्या विशिष्ट बोर्डासाठी, त्या विशिष्ट रॅमसाठी. याला मिनिटंच्या मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर आणखी. तेवढा वेळ पडदा काळा राहतो. मध्येच वीज तोडली की केलेली मेहनत वाया, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. हे लोक दोन दिवस एका चांगल्या मशीनला दर मिनिटाला थांबवत होते. मी सगळ्यांना सांगितलं, पंधरा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. खुर्च्या घेतल्या. मुलाला मी काय चाललंय ते सांगत बसलो, आणि वडीलही ऐकत होते. बराच वेळ गेला, मशीन एकदा आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आई म्हणाली, “गेलं वाटतं,” आणि मग बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह पडद्यावर आलं. वडिलांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी मला विचारलं की मग तुम्ही दुरुस्त काय केलं? मी म्हणालो, काही नाही, तुमच्या मुलानं बरोबर जोडलं होतं. ते त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मला ते सांगता आलं याचं समाधान कुठल्याही मजुरीपेक्षा मोठं आहे.

नवा प्रोसेसर आणि जुना साठा ही आमच्या भागातली खास दुखणी. बी४५० जातीचा बोर्ड २०१८ सालचा. दुकानदाराच्या माळ्यावर तो वर्षानुवर्षं सीलबंद पडून राहतो. गिऱ्हाईक २०२२ साली आलेला रायझन ५ ५६०० त्यावर बसवतो. सॉकेट तोच, प्रोसेसर बरोबर बसतो, पण बोर्डाच्या चिपमधला बायोस त्या प्रोसेसरच्या जन्माआधीचा. त्याला समोर कोण आहे तेच कळत नाही. दोन्ही भाग निर्दोष आणि डिस्प्ले नाही. शिरूरच्या एका स्टुडिओवाल्याचं असंच झालं, तेही ऐन लग्नसराईत. तीन लग्नांचं शूटिंग कार्डांमध्ये पडून आणि मंडळींचे फोनवर फोन. त्याच्या बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकची सोय होती. ही सोय फार सुंदर आहे. प्रोसेसर नको, रॅम नको, नुसता एसएमपीएस जोडायचा, पेनड्राइव्ह एफएटी३२ करून त्यात कंपनीची बायोसची फाइल सांगितलेल्या नावानं ठेवायची, ठरलेल्या पोर्टात घालायची आणि मागचं छोटं बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायला लागतो, थांबला की काम झालं. त्या वेळेत लाइट जाऊ नये म्हणून मशीन यूपीएसवर घ्यायचं. ज्या बोर्डावर ही सोय नाही तिथे जुना, त्या बायोसला ओळखीचा प्रोसेसर तात्पुरता बसवूनच बायोस चढवावा लागतो. २०१८च्या सुमारास तर एएमडी अशा अडकलेल्या गिऱ्हाइकांना त्याच कामासाठी प्रोसेसर उसना पाठवत असे. आमच्याकडे ती उसनवारी आपसांतच चालते. माझा एक जुना प्रोसेसर शिरूर, दौंड, श्रीगोंदा असा हातोहात फिरत असतो, आणि तो आजवर प्रत्येकानं जपून परत केला आहे.

न्हावऱ्याच्या पुढे एका वस्तीवरचं काम वेगळं होतं. मशीन कालपर्यंत चालत होतं, टीव्हीला एचडीएमआयनं जोडलं आणि डिस्प्ले गेला. कॅबिनेटला हाताची मागची बाजू लावली तर मुंग्या आल्या. घरात तीन पिनांचे सॉकेट होते, पण वरच्या मोठ्या पिनेला वायरच नव्हती. एसएमपीएसमध्ये वीज गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, त्यांचं एक टोक कॅबिनेटला, म्हणजे अर्थिंगला. अर्थिंग असेल तर गळणारी वीज जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटवर शंभराच्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी किरकोळ, माणसाला मुंग्या येतील इतकाच, पण चालू स्थितीत केबल घालताना तो केबलच्या नाजूक तारांतून वाट काढू शकतो. ग्राफिक्स कार्डाचा एचडीएमआय पोर्ट गेला होता, शेजारचा डिस्प्लेपोर्ट जिवंत होता. मशीन त्यावर सुरू झालं, पण त्या घरातलं खरं काम कॉम्प्युटरचं नव्हतंच. मी वायरमनला बोलावून घेतलं, अर्थिंगचा खड्डा, कोळसा, मीठ, पट्टी, सगळं करून घ्यायला लावलं. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की असलेलं अर्थिंगही निकामी होतं, खड्ड्यात पाणी ओतावं लागतं. मोटारीच्या स्टार्टरसाठी शेतकरी हे जाणतो. घरातल्या साठ हजारांच्या मशीनसाठी कुणी त्याला सांगत नाही. लहान मुलं त्या कॅबिनेटला हात लावतात, हे तर त्याहून गंभीर.

इतर कारणं थोडक्यात सांगून टाकतो. जुना व्हीजीए मॉनिटर नव्या कार्डाला स्वस्त कन्व्हर्टरनं जोडलेला असतो आणि कन्व्हर्टरच खराब निघतो. मॉनिटरवर इनपुट चुकीचं निवडलेलं असतं. कॅबिनेटच्या पत्र्यावर एक पितळी खुंटी नको तिथे राहते आणि बोर्डाच्या पाठीला टेकते. अशा वेळी बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा, एक रॅम, प्रोसेसर, पंखा, एसएमपीएस एवढंच लावायचं. बाहेर चालला आणि आत नाही, तर दोष पत्र्याशी आहे.

पण प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिना वाकल्या तर मात्र मन खट्टू होतं. इंटेलच्या २०२१च्या सॉकेटमध्ये १७०० पिना आहेत, केसाइतक्या बारीक. प्रोसेसर तिरपा सुटला, किंवा सॉकेटवरून बाही फिरली, तरी त्या आडव्या होतात. शिरूरच्या एका वर्कशॉपमध्ये असंच झालेलं. घड्याळजीचं भिंग आणि शिवणाची सुई घेऊन मी एकेक पिन रांगेत आणली. मशीन सुरू झालं, पण रॅमच्या खाचांची एक जोडी कायमची गेली. मालकांना स्पष्ट सांगितलं की हे असंच चालेल, किती चालेल ते मी सांगू शकत नाही. हे नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि त्यावर ड्रॉइंगऐवजी बिलांचं काम सुरू केलं.

मला खरा राग येतो तो ‘बोर्ड उडाला, नवा घ्या’ असं मशीन न उघडता सांगणाऱ्यांचा. वरच्या कामांतल्या फ्लेक्सवाल्याला, त्या मुलाला, स्टुडिओवाल्याला कुणी ना कुणी हे सांगून झालेलं होतं. तिघांचेही बोर्ड आज चालू आहेत. तालुक्याच्या गावात माणूस दुसरं मत घ्यायला लगेच पुण्याला जात नाही, सांगितलेल्यावर विश्वास ठेवतो. त्या विश्वासाचे आठ-दहा हजार रुपये करणं मला पाप वाटतं.

नवं मशीन जोडणाऱ्यांना माझी विनंती एवढीच. भाग घेताना दुकानदाराला विचारा की या बोर्डाचा बायोस या प्रोसेसरला चालतो का, आणि ते बिलावर लिहून घ्या. पहिल्यांदा सुरू केल्यावर पंधरा मिनिटं थांबा. आणि नव्या बोर्डाच्या सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण, जे प्रोसेसर बसवताना निघून येतं, ते कचऱ्यात टाकू नका, खोक्यात बिलाबरोबर ठेवा. बोर्ड खरोखरच सदोष निघाला तर कंपनी तो परत घेताना सॉकेटवर ते झाकण मागते.